चाल कोणाची? जॉनी युनायटसची निवृत्ती आणि त्याचा वारसा

जॉनी युनायटसच्या नावावरचा एकही मोठा आकडा आज अव्वल उरलेला नाही. जुलै १९७४ मध्ये सान डिएगो चार्जर्सच्या सराव शिबिरातून त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधले फेकीचे बहुतेक विक्रम त्याचे होते. कारकिर्दीत ४०,२३९ यार्ड, २९० टचडाउन आणि सलग ४७ सामन्यांत किमान एक तरी टचडाउन फेक. आज यार्डांच्या यादीत वीसहून अधिक क्वार्टरबॅक त्याच्या पुढे आहेत. ४७ सामन्यांचा विक्रम सर्वांत चिवट निघाला, पण तोही ऑक्टोबर २०१२ मध्ये ड्रू ब्रीजने मोडला. तरीही या खेळाचा इतिहास लिहिणाऱ्याला युनायटसला बगल देऊन पुढे जाता येत नाही. का, असे विचारले की ठरलेले उत्तर येते: १९५८ चा अंतिम सामना, ज्याने हा खेळ अमेरिकेच्या घराघरांत पोचवला. उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. मैदानात उभ्या असलेल्या माणसाने पुढची चाल स्वतः ठरवायची, हा अधिकार युनायटसने कोणी नेला नव्हता इतक्या उंचीवर नेला, आणि त्याच्या यशातून खेळात जो पैसा आला त्याच पैशाने पुढे तो अधिकार खेळाडूकडून काढून घेतला. त्याच्या वारशाचा हिशेब इथून मांडायला हवा.

हा खेळ फारसा न पाहिलेल्या वाचकासाठी दोन शब्द. अकरा-अकरा खेळाडूंचे संघ, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, आणि लाथेने खांबांमधून मारला की कमी गुणांचा फील्ड गोल. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, आक्रमण करणारा संघ डोकी एकत्र आणून हडल करतो आणि पुढची चाल ठरते: चेंडू घेऊन धावायचे की फेकायचे, कोणाकडे, किती लांब. चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षण लावणे हे मैदानावरच्या कर्णधाराचे काम मानले जाते. तोच कर्णधार प्रत्येक चेंडूआधी कानातल्या यंत्रावरून हुकूम घेऊ लागला तर खेळ तोच राहील, कर्णधार मात्र दुसऱ्याच जातीचा होईल. अमेरिकन फुटबॉलमध्ये जवळपास असेच घडले, आणि त्या स्थित्यंतराच्या अलीकडच्या काठावर युनायटस उभा आहे.

त्याचा जन्म १९३३ चा, पिट्सबर्गचा. लिथुआनियन मुळाचे कॅथलिक कुटुंब. वडिलांचा कोळसा पोचवण्याचा धंदा होता. जॉनी पाच वर्षांचा असताना ते गेले आणि आईने धंदाही सांभाळला, चार मुलेही. मोठ्या विद्यापीठांनी हा किडकिडीत पोरगा घेतला नाही, म्हणून तो लुइव्हिलला गेला. १९५५ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने नवव्या फेरीत निवडले आणि एकही अधिकृत सामना न खेळवता काढून टाकले. मग बांधकामावर मजुरी, आणि ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या हौशी-व्यावसायिक संघाकडून सामन्याला सहा डॉलर. १९५६ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला ७,००० डॉलरच्या करारावर बोलावले ते राखीव म्हणून. मुख्य क्वार्टरबॅक जॉर्ज शॉचा पाय शिकागो बेअर्सविरुद्ध मोडला आणि युनायटस मैदानात उतरला. त्याची पहिलीच फेक प्रतिस्पर्ध्याने पकडली आणि थेट टचडाउनपर्यंत नेली. यापेक्षा वाईट सुरुवात कल्पून लिहिली तर संपादक ती कापून टाकेल.

कोल्ट्सचा प्रशिक्षक वीब ईवबँक हा क्लीव्हलँडच्या पॉल ब्राउनच्या हाताखाली तयार झालेला, आणि ही साधी गोष्ट या कथेत फार महत्त्वाची आहे. ब्राउन त्या काळातला सर्वांत पद्धतशीर प्रशिक्षक. चाल ठरवणे हे खेळाडूचे काम नाही असे त्याचे ठाम मत होते, आणि प्रत्येक चालीआधी तो एका खेळाडूकरवी मैदानात निरोप धाडत असे. १९५६ मध्ये त्याने क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवून पाहिला, तेव्हा लीगचे आयुक्त बर्ट बेल यांनी त्यावर बंदी घातली. अशा तालमीत वाढलेल्या ईवबँकने युनायटसच्या हाती मात्र पूर्ण मोकळीक दिली. एखाद्या उदारमतवादी प्रशिक्षकाने असे केले असते तर त्यात नवल नव्हते. ब्राउनच्या चेल्याने केले, याचा अर्थ त्याला मैदानावर असे काही दिसत होते जे बाकावरून ठरवता येत नव्हते. काय दिसत होते, ते युनायटसच्या कामाच्या रीतीवरून कळते. तो हडलमध्ये आधी ऐकायचा. समोरचा माणूस कोणत्या बाजूला झुकतो, हे लाइनमधला जिम पार्कर सांगायचा. आपल्यावरचा बचावपटू किती सैल सोडतो, हे रेमंड बेरी सांगायचा. मग युनायटस चाल सांगे, आणि त्यावर चर्चा नसे. सराव संपल्यावर तो आणि बेरी दोघेच मागे थांबत आणि बेरी वळण्यापूर्वीच चेंडू हातातून सुटलेला असेल इतका मेळ बसेपर्यंत तेच तेच करत राहत.

२८ डिसेंबर १९५८ चा न्यू यॉर्क जायंट्सविरुद्धचा अंतिम सामना या रीतीची परीक्षा ठरला. यांकी स्टेडियममध्ये ६४ हजारांवर प्रेक्षक, एनबीसीवर प्रक्षेपण, आणि घरी पाहणारे अंदाजे साडेचार कोटी. सामना संपायला दोन मिनिटांहून थोडा कमी वेळ उरला तेव्हा कोल्ट्स १४-१७ ने मागे होते आणि चेंडू त्यांच्याच १४ यार्डांच्या रेषेवर होता. इथे बेरीने पुढे अनेकदा सांगितलेला एक क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. ठरलेली चाल होती साधी, दहा यार्डांवर आत वळण्याची. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले तर जायंट्सचा लाइनबॅकर हार्लंड स्व्हेअर नेहमीची जागा सोडून थेट बेरीच्या तोंडासमोर येऊन उभा. ठरलेल्या चालीला आता अर्थ नव्हता. असे कधी घडले तर काय करायचे, हे दोघांनी फार पूर्वी बोलून ठेवले होते. त्याचा वापर तोवर झालेला नव्हता. बेरीने युनायटसकडे पाहिले, युनायटसने बेरीकडे. शब्द नाही, खूण नाही. बेरी स्व्हेअरला चुकवून तिरका आत घुसला, चेंडू आला, २५ यार्ड. पुढच्या दोन फेकीही बेरीकडेच, १५ आणि २२ यार्ड. सात सेकंद उरले असताना स्टीव्ह मायराने फील्ड गोल मारून १७-१७ अशी बरोबरी केली.

अंतिम सामना जादा वेळेत जाण्याची ही पहिलीच वेळ. जायंट्सना चेंडू मिळाला, पण त्यांना तो पुढे नेता आला नाही. मग युनायटसने ८० यार्डांची वाटचाल १३ चालींत पुरी केली. तिच्या मध्यावर त्याला दिसले की जायंट्सचा सॅम हफ फेक अडवायला मागे सरकून उभा राहतो आहे. त्याने रेषेवर उभे राहूनच चाल बदलली आणि ॲलन अमीचीला हफने रिकाम्या केलेल्या वाटेने २३ यार्ड पळवले. विजय आठ यार्डांवर आला तेव्हा शहाणपणाचा मार्ग एकच होता: धोका टाळून फील्ड गोल मारा आणि सामना जिंका. युनायटसने मैदानाच्या कडेला जिम मुचेलरकडे चेंडू फेकला. ती फेक अडवली गेली असती तर सामना हातचा जाऊ शकत होता. इतका धोका का पत्करला, असे नंतर विचारल्यावर, काय करतो आहोत हे ठाऊक असले की चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जात नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. पुढच्या चालीत अमीचीने एका यार्डावरून टचडाउन केला. २३-१७.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. त्या काळात बहुतेक क्वार्टरबॅक आपल्या चाली स्वतःच ठरवत. बॉबी लेन, नॉर्म व्हॅन ब्रॉकलिन हे काही कोणाच्या निरोपाची वाट पाहणारे नव्हते. मग युनायटसचे वेगळेपण कोणते? शिवाय त्याच्या संघात बेरी, पार्कर, लेनी मूर, जिनो मार्केटी, आर्ट डोनोव्हन असे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले खेळाडू होते. आणि सामना म्हणावा तितका निर्दोषही नव्हता, दोन्ही संघांनी चेंडू अनेकदा हातचा घालवला. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. आधीच्या क्वार्टरबॅकांचा अधिकार परंपरेने आलेला होता. प्रशिक्षकांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी, चित्रफितींचा अभ्यास मर्यादित, म्हणून निर्णय मैदानावर होत. युनायटसच्या बाबतीत पर्याय हजर होता. ब्राउनची पद्धत तेव्हा सर्वांना ठाऊक होती, तिने विजेतेपदे मिळवली होती आणि ईवबँक ती आतून जाणत होता. त्या पर्यायाशी तुलना होऊनही मैदानावरचा निर्णय सरस ठरतो, हे युनायटसने दाखवले. घड्याळ संपत आले असताना, हडलला वेळ नसताना चाली रचण्याची जी कला आज प्रत्येक संघ वेगळी घोटून घेतो, तिचा आदर्श त्या डिसेंबरच्या संध्याकाळी घडला.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. २९० टचडाउनच्या जोडीला २५३ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या फेकी. आजच्या मापाने हा हिशेब कोणत्याही क्वार्टरबॅकची नोकरी घालवेल. पण ते माप आजच्या नियमांचे आहे. १९७८ पूर्वी बचावपटूला चेंडू झेलणाऱ्याला मैदानभर धक्के देण्याची मुभा होती आणि क्वार्टरबॅकच्या संरक्षक खेळाडूंना हात पसरून अडवता येत नसे. हंगाम आधी १२ सामन्यांचा, नंतर १४ चा. १९५९ मध्ये युनायटसने १२ सामन्यांत ३२ टचडाउन फेकले, हे त्या परिस्थितीत वाचले पाहिजे. आणि स्वतःच्या निर्णयाने खेळणाऱ्याच्या चुकाही त्याच्याच खाती जमा होतात. आज चुकीच्या चालीचे पाप प्रशिक्षकाकडे वाटून घेता येते, ती सोय तेव्हा नव्हती.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. मैदानावरच्या बुद्धीचा हा गौरव करताना ती बुद्धी कोणाला वापरू दिली जात होती? बाल्टिमोरच्या संघात मूर, पार्कर, बिग डॅडी लिप्सकॉम असे मोठे कृष्णवर्णीय खेळाडू होते, पण क्वार्टरबॅकची जागा ही विचार करणाऱ्याची जागा समजली जाई आणि ती गोऱ्यांसाठी राखलेली असे. मार्लिन ब्रिस्को डेन्व्हरकडून १९६८ मध्ये खेळला आणि पुढच्या वर्षी त्याला दुसऱ्या संघात दुसऱ्याच जागी खेळावे लागले. युनायटस निवृत्त झाला त्याच १९७४ च्या हंगामात लॉस एंजेलिस रॅम्सच्या जेम्स हॅरिसने बाद फेरीत संघाचे नेतृत्व करून सामना जिंकला. त्या जागेवरून असे करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. युनायटसची थोरवी याने कमी होत नाही. मात्र जो काळ आपण क्वार्टरबॅकच्या स्वातंत्र्याचा म्हणून वाखाणतो, तो अनेकांसाठी दार बंद असण्याचा काळ होता, हे त्याच वाक्यात लिहिले पाहिजे.

शेवटाकडे येऊ. १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे, १९५९, १९६४ आणि १९६७ मध्ये लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. मग १९६८ मध्ये उजव्या कोपराची दुखापत. त्या वर्षीचा सुपर बोल जानेवारी १९६९ मध्ये जो नेमथच्या जेट्सने जिंकला. जेट्सचा प्रशिक्षक होता ईवबँक. युनायटस उशिरा मैदानात आला आणि कोल्ट्सचा एकमेव टचडाउन त्याच्याच नेतृत्वाखाली झाला. दोन वर्षांनी सुपर बोल जिंकला खरा, पण तोही त्याने दुखापतीमुळे अर्ध्यावर सोडलेला. १९७२ मध्ये संघ रॉबर्ट अर्सेच्या मालकीचा झाला, सूत्रे जो टॉमसकडे गेली, आणि पहिल्या पाचांतले चार सामने हरल्यावर प्रशिक्षकाला नारळ देऊन युनायटसला बाकावर बसवले गेले. ३ डिसेंबरला बफेलोविरुद्ध बाल्टिमोरच्या प्रेक्षकांनी त्याच्यासाठी गिल्ला केला, आकाशात त्याच्या नावाचे फलक ओढणारे विमान फिरले, आणि मार्टी डॉमरस जखमी झाल्यावर आत आलेल्या युनायटसने एडी हिंटनकडे ६३ यार्डांची टचडाउन फेक केली. घरच्या मैदानावर त्याने आणखी काही केले नसते तरी चालले असते. पुढच्या जानेवारीत त्याला सान डिएगोला विकण्यात आले. तिथे पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनकडून ०-३८ अशी धूळधाण. मुख्य क्वार्टरबॅक म्हणून तो शेवटचा उतरला तो पिट्सबर्गमध्ये, ज्या स्टीलर्सनी अठरा वर्षांपूर्वी त्याला घरी पाठवले होते त्यांच्याविरुद्ध, आणि त्याच सामन्यात नवख्या डॅन फाउट्सने त्याची जागा घेतली. ४०,००० यार्ड ओलांडणारा पहिला खेळाडू तो त्याच हंगामात झाला. मोठ्या खेळाडूने कधी थांबावे यावर लेखांचा रतीब घालणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडते. त्यात मला तथ्य वाटत नाही. दोन वर्षांचा, वर्षाला अडीच लाख डॉलरचा करार हा त्याच्या आयुष्यातला पहिला खरोखर मोठा करार होता, आणि कोळशाच्या गाडीवर वाढलेल्या माणसाने तो नाकारावा अशी अपेक्षा पोट भरलेल्यांनाच परवडते.

आता मूळ मुद्दा. १९५८ च्या त्या सामन्यात जायंट्सचा बचाव आखणारा माणूस होता टॉम लँड्री. युनायटसने रेषेवर उभे राहून ज्याची मांडणी उधळली तो हाच. दोनच वर्षांनी लँड्री डॅलस काउबॉइजचा प्रशिक्षक झाला आणि चाली बाहेरून धाडण्याची ब्राउनची रीत त्याने वर्षानुवर्षे निष्ठेने चालवली, कधी क्वार्टरबॅक आळीपाळीने बदलून तर कधी दुसऱ्या खेळाडूकरवी. एका पराभवाने त्याला हे शिकवले असे म्हणणे धाडसाचे होईल. बदलाची खरी ताकद पैशाची होती. त्या सामन्याने दूरचित्रवाणी कंपन्यांची खात्री पटवली, १९६१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने लीगला सर्व संघांचे हक्क एकत्र विकण्याची मुभा देणारा कायदा केला, आणि १९६२ पासून सीबीएसने वर्षाला ४६ लाख ५० हजार डॉलर मोजले. दावा मोठा झाला की मालक हमी मागतो, आणि हमी मागितली की निर्णय पगारी तज्ज्ञाकडे जातो. सहायक प्रशिक्षक वाढले, चित्रफितींचे ढीग वाढले. ब्राउनच्याच सिनसिनाटी संघात तयार झालेला बिल वॉल्श पुढे सान फ्रान्सिस्कोत सामन्याच्या सुरुवातीच्या चाली आधीच लिहून ठेवत असे. १९९४ मध्ये हेल्मेटमधला रेडिओ अधिकृत झाला, बर्ट बेलच्या बंदीनंतर ३८ वर्षांनी.

यावर टेरी ब्रॅडशॉकडे बोट दाखवले जाते. पिट्सबर्गसाठी सत्तरच्या दशकात चार सुपर बोल जिंकणाऱ्या ब्रॅडशॉने आपल्या चाली स्वतः ठरवल्या, आणि त्याचा प्रशिक्षक चक नोल तर तरुणपणी ब्राउनचा निरोप्या म्हणून मैदानात धावणारा खेळाडू होता. मग १९७४ मध्ये युनायटसच्या निवृत्तीने संपले काय? रीत तेव्हा संपली नाही, हे खरेच. पण ती नियम होती ती अपवाद झाली, आणि नव्वदच्या दशकात बफेलोच्या जिम केलीसारख्याचे नाव मुद्दाम घ्यावे लागू लागले. पेटन मॅनिंग हा सर्वांत ठळक अपवाद. प्रशिक्षक त्याला दोन-तीन चाली देत आणि रेषेवर उभे राहून, हातवारे करत, तो त्यांतली एक निवडे. तो ज्या इंडियानापोलिस कोल्ट्सकडून खेळत होता तो संघ म्हणजे मार्च १९८४ च्या एका रात्री अर्सेने ट्रकांत भरून बाल्टिमोरमधून नेलेला संघ. युनायटसने त्या इंडियानापोलिसशी आयुष्यभर नाते मानले नाही. आपले नाव बाल्टिमोरशीच जोडले जावे असा त्याचा हट्ट होता.

निवृत्तीनंतर त्याचा उजवा हात निकामी होत गेला. बोटे मिटत नसत, आणि गोल्फची काठी हाताला पट्ट्याने बांधावी लागे. अपंगत्वाच्या लाभासाठी केलेला अर्ज मुदतीबाहेर म्हणून फेटाळला गेला. ११ सप्टेंबर २००२ रोजी, ६९ व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. मॅनिंगने त्याच्या स्मरणार्थ त्याच्यासारखे घोट्यावरपर्यंतचे काळे बूट घालण्याची परवानगी मागितली, तर लीगने २५,००० डॉलर दंडाची तंबी दिली आणि त्याने बेत सोडला. बाल्टिमोर रेव्हन्सच्या क्रिस रेडमनने बूट घातले आणि ५,००० डॉलर दंड भरला. गणवेशाच्या बाबतीत इतकी दक्ष असलेली लीग चालीच्या बाबतीत मात्र एक फट ठेवून आहे. दोन चालींमधल्या घड्याळात १५ सेकंद उरले की हेल्मेटमधला आवाज नियमानेच बंद होतो, आणि रेषेवर उभा असलेला क्वार्टरबॅक समोरची मांडणी पाहून आलेली चाल पार बदलू शकतो. त्याला अडवणारा नियम आजही नाही, अडवतो तो पुढच्या वर्षीचा करार आणि कडेला उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचा चेहरा.